साडेसातशे सीसी पाणी

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा मला सगळं येत होतं. तेवढं पुढं आयुष्यात कधीच आलं नाही. आनुवंशिकतेचे दोन धडे झाले आणि मी सुट्टीत घरी जाऊन सगळ्या भावकीच्या कानाच्या पाळ्या तपासल्या. कोणाची पाळी चिकटलेली, कोणाची मोकळी, कोणाला जीभ वळवता येते, कोणाला नाही. वहीत तक्ताच केला. माझी चुलती बिचारी जीभ बाहेर काढून बसली होती. शेवटी म्हणाली, "झालं का गं तुझं? चूल इझून गेली माझी." अशी मी. डोक्यावर कांजी केलेली टोपी, आणि टोपीखाली टोपीहून ताठ मी.

माझ्या नाती एवढं ऐकून हसतात. पुढचं मी त्यांना सांगितलेलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. जालना तेव्हा जिल्हा नव्हता, पण आमचा दवाखाना मोठा होता, लांबलांबचे पेशंट यायचे. माझी ड्यूटी पुरुषांच्या वॉर्डात होती. तिथं कोपऱ्यातल्या खाटेवर भोकरदनच्या पलीकडच्या खेड्यातले एक बाबा होते, साठीचे. त्यांची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. पाय इतके सुजलेले की अंगठ्यानं दाबलं तर खड्डा पडायचा आणि भरायला वेळ लावायचा. हा खड्डा दिवसातून एकदा बघायचा असतो. मी चारदा पाडायची.

त्यांचे वडील आणि थोरले भाऊ असेच सुजून गेले होते, हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. मी लगेच वहीत त्यांच्या घराण्याचा वृक्ष काढला. आजार असलेला माणूस काळा चौकोन. बाबांनी वाकून बघितलं.

"हे काळं काय केलंस, माय?"

"हे तुमचे वडील," मी म्हणाले.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझं गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांचं घर आणि माझं घर, दोन्ही छप्पन सालानंतर बौद्ध झालेली. मग शेजारच्या खाटेला, झाडूवाल्या बाईला, पलीकडच्या पेशंटला भेटायला आलेल्या पाहुण्यांना सुद्धा ते सांगत सुटले, "आपली पोरगी हाय ती. शिकून राह्यली."

आणि या आपल्या पोरीकडं त्यांच्या पाण्याचा हिशोब होता. मूत्रपिंड चालत नसलं की प्यालेलं पाणी बाहेर पडत नाही. ते पायांत साठतं, पोटात साठतं, शेवटी फुप्फुसात चढतं. म्हणून नियम असा, की काल जेवढी लघवी झाली तेवढं आणि वर पाचशे सीसी, एवढंच पाणी आज द्यायचं. त्यांची लघवी अडीचशेच्या पुढं जात नव्हती. म्हणजे साडेसातशे सीसी, चहा धरून. आणि ऊन चैत्रातलं.

मी त्यांचा तांब्याच उचलून नेला. औषधाच्या छोट्या मापानं, ठरल्या वेळी, मी पाणी द्यायची.

"माय, घोटभर."

"दोन वाजता मिळेल, बाबा."

"आता किती वाजले?"

"साडेअकरा."

"तुह्या घड्याळाला तहान लागत न्हाई, म्हणून ते निवांत चालून राह्यलं."

सगळा वॉर्ड हसला. मीही हसले, आणि पाणी दिलं नाही.

चौथ्या दिवशी ते हसले नाहीत. म्हणाले, "आमच्या गावच्या विहिरीवर आम्ही ओंजळ धरून बसून राह्यचो. आम्हाला हात लावायची परवानगी न्हाई. कोणाला दया आली तर मंग वरून ओतायचे, लांबून, शिवाशिव नको म्हणून. पण ओतायचे. तू तर ओततबी न्हाईस."

यावर मी काय करावं? मी मूत्रपिंडाचं चित्र काढून दाखवलं. लाल शाई, निळी शाई. त्यांनी बघितलं, "चांगलं काढलंस," म्हणाले आणि भिंतीकडं तोंड केलं.

माझ्या कागदावर रोज बरोबर साडेसातशे भरत होते. पण सकाळी काट्यावर उभं केलं की वजन चढलेलं. वॉर्डच्या सिस्टर कमी बोलायच्या. त्यांनी कागद बघितला, बाबांचे पाय बघितले आणि म्हणाल्या, "काटा खोटं बोलत नाही. पाणी कुठून जातंय ते शोध."

मी पोलिसासारखी शोधायला लागले. गादी उचलली, खाटेखाली वाकले, शेजारच्या पेशंटचं मडकं लांब ठेवायला लावलं. काही सापडेना. तेव्हा सगळ्यांसमोर मी विचारलं, "बाबा, खरं सांगा. चोरून पाणी पिता ना?"

बाबांनी माझ्याकडं बघितलं.

"चोरून?" एवढंच म्हणाले.

त्यानंतर त्यांनी माझ्याकडं पाणी मागितलं नाही. मी दिलं की प्यायचे आणि माप पालथं घालून ठेवायचे.

त्यांची लेक बदनापूरला दिलेली होती. रोज दुपारच्या गाडीनं डबा घेऊन यायची आणि परतीच्या गाडीसाठी घाईनं जायची. दवाखान्याचं बिनमिठाचं जेवण बाबा तोंडात धरायचे नाहीत. दात थोडेच उरलेले, म्हणून ती खोलगट जर्मनच्या भांड्यात भाकरी कुस्करायची आणि वरून येसराची, भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, पातळ आमटी ओतायची, भाकरी तरंगेपर्यंत. शेवटी ते भांडं तोंडाला लावून रिकामं करायचे. त्या वेळी सिस्टर जेवायला गेलेल्या असायच्या. वॉर्ड माझ्या ताब्यात. मी समोर उभी राहून कौतुकानं बघायची आणि कागदावर लिहायची, 'आहार चांगला'.

एके दिवशी सिस्टर चष्मा विसरल्या म्हणून मधेच परत आल्या. लेक नुकतीच स्टेशनकडं गेली होती, बाबा भांडं तोंडाला लावून होते. सिस्टरांनी डब्यात उरलेली आमटी उचलली, मला बाजूच्या खोलीत नेलं आणि मोजायच्या नळीत ओतली.

"वाच."

"तीनशे."

"ही उरलेली. हे पाणी नाही तर काय आहे? आणि यातलं मीठ?"

आमच्या बाईंनी वर्गात कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं होतं आणि तासाच्या शेवटी सुटलेलं पाणी दाखवलं होतं. मीठ पाण्याला ओढतं. परीक्षेत मी हे सुरेख अक्षरात लिहून मार्क घेतले होते. आणि इथं मीठ त्यांची तहान वाढवत होतं, भांडंभर पाणी पोटात जात होतं, आणि मी त्यांना घोटाघोटासाठी तरसवून वर चोर ठरवत होते. माझ्या लेखी पाणी म्हणजे जे मी देते तेवढंच.

सिस्टर ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या लेकीला नीट समजावून सांग. तिला लागेल असं बोलू नको. आणि त्यांची माफी माग."

माफी त्याच क्षणी मागता आली असती. खाट दहा पावलांवर होती. पण ते डोळे मिटून पडले होते, आणि खरं सांगायचं तर मला वाक्य सापडत नव्हतं. म्हटलं, उद्या दोन्ही कामं बरोबरच करू.

दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवर आले तेव्हा त्यांच्या छातीत घरघर लागली होती. उशा रचून बसवलं होतं. ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं झाली. अकराच्या सुमाराला डॉक्टरांनी सिस्टरांकडं नुसतं बघितलं. सिस्टर मला म्हणाल्या, "त्यांना पाणी दे."

मी विचारलं, "किती?"

अजून ऐकू येतो तो माझा आवाज. हुशार मुलीचा, आज्ञाधारक.

"मोजू नको," सिस्टर म्हणाल्या.

पहिला चमचा आत गेला. दुसरा ओठाच्या कडेनं खाली आला. मी तो पदरानं टिपला आणि मग, तेव्हा कुठं, माफी मागितली. ऐकणारं कोणी नव्हतं.

लेक नेहमीच्या गाडीनं आली. डबा घेऊनच. रडून झाल्यावर व्हरांड्यात बसली होती, मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"पाणी मिळालं का त्यांना?"

"मिळालं."

"कोण पाजलं?"

"मी."

"बरं झालं. आपल्याच माणसाच्या हातानं गेलं." मग थोड्या वेळानं, "काल जेवल्ते ना पोटभर?"

दारात सिस्टर उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं.

"पोटभर," मी म्हणाले. "आमटी फार आवडीनं खाल्ली."

तिनं मान हलवली. डबा उघडला आणि माझ्यापुढं सरकवला. "तू खा. परवाबी म्हणले, ती पोरगी उभ्या उभ्या वाळून चालली, तिला दे जरासं. मीच दिलं न्हाई. म्हटलं, त्यांना पुरायचं न्हाई."

परवा. म्हणजे मी चोर म्हटल्यानंतर.

मी भाकरी कुस्करली. ती बघत होती म्हणून सगळं संपवलं. आमटी तिखट होती, मीठही बेताचं नव्हतं. घसा कोरडा पडला होता, पण तिच्यादेखत उठून पाणी प्यायची माझी हिंमत झाली नाही.