कोपरा फाटलेलं कार्ड

हे सांगायचं मी आजवर टाळलं. विसरलो होतो असं नाही. उलट याच प्रकाराची एक खोटी, गमतीची गोष्ट मी इतक्या भाषणांतून सांगितली आहे की ऐकणाऱ्यांना ती पाठ झाली आहे. "माझी पहिली कादंबरी आमच्या गावच्या पोस्टमननं गिळली," असं म्हटलं की सभागृह हसतं. मीही हसत आलो. आता ऐंशी उलटल्यावर त्या हसण्याची मला किळस येते. त्या माणसानं काहीही गिळलं नव्हतं. एका कार्डापायी त्याची बदली झाली ती मी करवली, आणि ते कार्ड त्यानं आमच्या घरी पोचवलं होतं.

लढाईचा काळ. मी सांगलीला एका शाळेत मास्तर होतो आणि नोकरी अजून कायम झाली नव्हती. घर सातारा जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या खेड्यात. घरी आई आणि वहिनी. दोघींनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. वडील मागेच वारले होते. थोरला भाऊ पलटणीत, समुद्रापार कुठंतरी. वहिनीला दिवस गेले ते तो शेवटच्या रजेवर येऊन गेला तेव्हा.

कागदावर तेव्हा नियंत्रण होतं. कादंबरीचा पहिला खर्डा मी मुलांच्या परीक्षेच्या जुन्या पेपरांच्या पाठकोऱ्या बाजूंवर लिहिला. मग कुठून कुठून चांगला कागद जमवून स्वच्छ प्रत केली आणि दिवाळीनंतर पुण्याच्या एका प्रकाशकाकडं धाडली. पत्ता गावचा दिला. कारण कादंबरीत संस्थानी शाळेचा एक हेडमास्तर होता, आणि आमच्या हेडमास्तरांनी स्वतःला पहिल्या पानावर ओळखलं असतं. शाळेत येणारं प्रत्येक कार्ड आधी ते वाचत.

प्रकाशकाची पोच आली. "बाड मिळाले. वाचून कळवू." या दोन ओळींवर मी पुढचे कितीतरी महिने काढले. वाचून कळवू! कधी कळवणार, कोण वाचणार, तिथं माझं बाड कुठल्या फळीवर धूळ खात पडलंय, काही पत्ता नाही. मी एक स्मरणपत्र लिहिलंही होतं. पण सांगलीतल्या एका वयस्क लेखकांनी ते हातातून काढून घेतलं. म्हणाले, "मास्तर, प्रकाशकाला आठवण करून दिली की त्याला एकच गोष्ट आठवते. बाड परत करायचं राहिलंय ही." मी घाबरलो आणि गप्प बसलो. त्यांचा तो शहाणपणा मला अजून छळतो. पैशाचा प्रश्न नव्हता, एक ओळ लिहायची होती.

दर पंधरा दिवसांनी शनिवारी मी गावी जायचो. मिरजेला गाडी बदलायची, स्टेशनापासून चार मैल चालायचं. दारात पाय ठेवताच विचारायचो, "कार्ड आलं?"

"न्हाई," आई म्हणायची.

वहिनी चुलीपुढून हसायची. "भावजी, भाकरी आदी वाढू का कार्ड आदी वाढू?"

आमचा पोस्टमन पाच गावं पायी करायचा. पन्नाशीचा, उंच, पायात जाड वहाणा. सगळे त्याला तात्या म्हणत. निम्म्या गावाची पत्रं तोच वाचून दाखवायचा. भावाचं पत्र आलं की आमच्या कट्ट्यावर बसून अगदी भावाच्या आवाजात वाचायचा. त्यात "खोकला झाला होता" असं असलं तर स्वतः दोनदा खोकून घ्यायचा. वहिनी तोंडाला पदर लावून हसायची. एक गोष्ट मात्र तो कधी करत नसे. मरणाची बातमी असलेल्या कार्डाचा कोपरा फाडून पाठवायची आमच्याकडं रीत होती. असं कार्ड उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, बाहेरच वाचून घ्यायचं, फाडून टाकायचं आणि अंघोळ करायची. असं कार्ड हाती आलं की तात्या त्याच्यावर नजरही टाकायचा नाही. फक्त नाव बघायचा, पायरीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "दुसऱ्याकडनं वाचून घ्या. माझ्या तोंडातनं नको." तरणेपणी त्यानं असं एक कार्ड वाचून दाखवलं होतं, आणि ती बाई पुढं मरेपर्यंत त्याला बघितलं की शिव्या द्यायची.

चैत्रापासून तात्या मला टाळू लागला. मी स्टेशनाकडून येताना दिसलो की रस्ता सोडून बांधावर चढायचा. एकदा मी त्याला आडवा गेलो.

"तात्या, माझं काही टपाल?"

"न्हाई मास्तर." नजर जमिनीवर.

"पुण्याचं कार्ड?"

"म्या सांगितलं न्हवं, न्हाई म्हून." आणि तो चालू लागला. जाताना म्हणाला, "आईला जपा."

मला राग आला. माझी आई, मी जपीन! पण त्याची नजर माझ्या डोक्यात बसली. चोरी केलेल्या माणसाची नजर अशीच असते, असं मी ठरवलं. त्याच दिवसांत भावाचंही पत्र येत नव्हतं. म्हणजे हा आमचं टपालच दाबतो. का दाबत असेल, याचा विचार मी केला नाही. मला कुणीतरी हवा होता. पुण्याच्या प्रकाशकाचं मी काही करू शकत नव्हतो, आणि तात्या तर गावी गेलो की समोर दिसत होता.

घरीही काहीतरी बिनसलं होतं. आई गोड खात नव्हती. रोज सकाळी ती स्वतःच्या हातानं वहिनीच्या कपाळावर कुंकू लावायची, चांगलं मोठं, रुपयाएवढं. वहिनी म्हणायची, "आत्याबाई, माजं मी लावीन की." आई ऐकायची नाही. मी हे डोळ्यांनी बघत होतो, आणि मला त्याचा वैताग येत होता. मी लेखक होतो म्हणे.

जेठात मी टपालखात्याच्या साहेबाला अर्ज लिहिला. चांगला चार पानी. कादंबरीच्या नावानं जमवलेला कागद त्यासाठी वापरला. 'हेतुपुरस्सर', 'बेजबाबदार', 'लोकांच्या विश्वासाचा घात' असे शब्द त्यात होते. खाली सही केली. साहेब चौकशीला गावात आला तेव्हा मी सांगलीला होतो. मला नंतर कळलं की त्यानं तात्याला विचारलं, मास्तरांच्या नावानं काही कार्ड आलं होतं का. तात्या म्हणाला, "ध्यानात न्हाई." दहा वेळा विचारलं, दहा वेळा तेच. ज्याला पाच गावांतल्या पोराटोरांची नावं पाठ, त्याला हे ध्यानात नाही! साहेबानं जे समजायचं ते समजून घेतलं. आषाढात तात्याची बदली आटपाडीकडं झाली. जन्म कृष्णेच्या पाण्यात गेलेला माणूस त्या कोरड्या माळावर फेकला गेला. मी सांगलीला दोन मित्रांना चहा पाजला. हेही लिहायला हवं. मी त्या दिवशी चहा पाजला.

श्रावणात वहिनी बाळंत झाली. मुलगी झाली.

गणपतीच्या सुट्टीत मी घरी असताना नवा पोस्टमन भावाचं पत्र टाकून गेला. पलटण हलली होती, त्यामुळं चार महिने पत्र लिहिता आलं नाही, तब्येत उत्तम, मुलगा झाला की मुलगी ते कळवा. मी मोठ्यानं वाचत होतो. आई माझ्यासमोर उभी होती. ती एकदम खाली बसली.

"तारीक बग," ती म्हणाली.

"अगं, मागच्याच महिन्याची आहे."

"पयल्यापासनं वाच. परत वाच. त्येचंच अक्षार हाय का?"

तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर ती उठली आणि गोठ्यात गेली. वळचणीतून तिनं फडक्याची एक घडी काढली आणि अंगणातूनच, आत न येता, माझ्यापुढं धरली. "मग ह्ये कुनाचं मरान हाय रं?"

कार्ड होतं. त्याचा एक कोपरा गेलेला होता. पुण्याचा शिक्का, चैत्रातला.

"आपली कादंबरी पसंत आहे. सध्या कागद हाती आहे. शेवटचे प्रकरण आटोपशीर करण्यास संमती असल्यास उलटटपाली कळवावे. महिनाअखेर उत्तर न आल्यास हा कागद दुसऱ्या पुस्तकास द्यावा लागेल."

कोपरा कुठं फाटला ते मला आजही माहीत नाही. थैलीत फाटला असेल, दोरीत अडकला असेल. मुद्दाम फाडलेला नव्हता. मुद्दाम फाडलेला तिरका आणि नीट असतो, हा कुरतडल्यासारखा होता. एकदा, फक्त एकदा ते कार्ड माझ्या डोळ्यांपुढं धरलं असतं तर!

मी आईवर ओरडलो. इतका की बाळ रडायला लागलं. "तुझ्या अडाणीपणानं माझं वाटोळं केलंस," असं म्हणालो. "मला का नाही दाखवलंस? मी दर पंधरा दिवसांनी येत होतो ना?"

"तुला दावलं आसतं आन् त्यात त्येचं मरान निगालं आसतं, तर? तुज्या थोबाडावरनं तिला येका घडीत कळलं आसतं. पाचवा म्हैना व्हता तिला." आईचा आवाज चढला नव्हता. "वाचलं न्हाई तवर त्यो जित्ता व्हता. माझ्या ल्येकाचं मरान म्या पाच म्हैनं येकटीनं उरात ठिवलं. आन् तू कागदाचं सांगतुयास?"

वहिनी दारात उभी होती. कपाळावर ते मोठं कुंकू.

मग आईनं तात्याचं सांगितलं. त्यानं कार्ड पायरीवर ठेवलं तेव्हा ती एकटीच होती. "म्या त्यास्नी पोरीच्या पोटाची आन घातली. बाळंतपन हुईस्तवर कुनाला बोलू नगासा म्हनलं. सायेब आला तवाबी त्यांनी तोंड उगाडलं न्हाई. आन् तू..." तिनं बोलणं तोडलं. "आत्ता सायबाला लिव. त्या मानसाला माघारी आन."

"लिहितो," मी म्हणालो.

पुण्याला मात्र त्याच दिवशी लिहिलं. आठ दिवसांत उत्तर आलं, मागोमाग बाडही. कागद दुसऱ्या पुस्तकाला गेला होता. ते पुस्तक मी कधी हातात धरलं नाही.

साहेबाला मी लिहिलं नाही. काय लिहायचं? की चार पानी अर्ज खोटा होता? चौकशी शाळेपर्यंत आली असती, हेडमास्तरांना कादंबरीचं कळलं असतं, नोकरी गेली असती. ही कारणं मी तेव्हा स्वतःला पटवली. खरं कारण एवढंच की मला लाज वाटत होती आणि ती लाज माझ्याऐवजी आटपाडीत कुणीतरी सोसत होतं. मी गावी गेलो की आई दारातच विचारायची, "लिवलंस का?" मी म्हणायचो, "अजून नाही." काही महिन्यांनी तिनं विचारणं सोडलं.

लढाई संपली, भाऊ परत आला. त्यानंतर आईनं गुळाची एक ढेप फडक्यात बांधली आणि माझ्या हातात दिली. "ह्ये त्यास्नी दे. आन् पाय धर." या वेळी ती विचारत नव्हती, सांगत होती. मी मोटारीनं आटपाडीला गेलो.

तात्या टपाल कचेरीबाहेर लिंबाच्या सावलीत एका बाईला पत्र वाचून दाखवत होता. वाळला होता. मला बघून उठला, वहाणा नीट केल्या.

"आवं मास्तर! कवा आलासा?" मग त्या बाईला लांब जाऊ दिलं आणि आवाज बारीक केला. "त्या माऊलीनं सुनंला सांगितलं का? कसं सोसलं पोरीनं?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याच्या लेखी माझा भाऊ अजून मेलेलाच होता.

"तात्या, भाऊ आहे. सुखरूप आहे. घरी आलाय. मुलगी झाली त्याला."

तात्यानं दोन्ही हातांनी माझे दंड धरले आणि गदागदा हलवले. "लय ब्येस झालं! आरं देवा, लय ब्येस झालं! दोन वरसं मला घास ग्वाड लागला न्हवता, मास्तर." डोळे पुसून तो म्हणाला, "त्यो अर्ज तुमी क्येला, त्येचा मला राग न्हाई. भाऊ ग्येला आन् तुमाला कळवायबी कुनी न्हाई. मानूस तगमगनारच."

मी गुळाची ढेप त्याच्या हातात दिली. त्यानं ती कपाळाला लावली.

"पर मास्तर," तो म्हणाला, "मग त्ये कार्ड व्हतं कुनाचं?"

मोटारीत विट्यापासून मी एकच वाक्य मनाशी घोकत आलो होतो. ते ओठांपर्यंत आलं.

"पाठवणाऱ्यानं चुकून आमचा पत्ता घातला होता," मी म्हणालो. "दुसऱ्या कुणाचं तरी."

"आरारा," तात्या हळहळला. "म्हंजी कुनाच्या तरी घरी कळालंच न्हाई बगा." आणि त्या न मेलेल्या माणसाकरता त्यानं हात जोडले.

गावी परतल्यावर आईनं विचारलं, "पाय धरलंस?" मी हो म्हणालो. पुन्हा आटपाडीला गेलो नाही. पुढं तात्या वारल्याचं कळलं तेही कुणाच्या तरी बोलण्यातून. ते घोकलेलं वाक्य असं होतं: तात्या, ते कार्ड माझं होतं, तुम्ही ते नीट पोचवलं होतं, आणि मी तुमचं वाईट केलं, मला माफ करा.