पाटीवरचं गणित

मल्हारगंजात हीटर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. आजारी आईसाठी जुना हीटर घेऊन गेलो, तेव्हा त्याने मीटर लावून पाटीवर खडूने लिहिलं : दोनशे तीस व्होल्ट, दहा अँपियर. भागून रेझिस्टन्स तेवीस ओहम, गुणून पॉवर तेवीसशे वॅट. मग पाटी माझ्याकडे सरकवली.

"एक बार तुम्ही करून बघा."

"अहो, बरोबरच असणार."

"करा, भिया. घरची वायर पाच अँपियरची असेल तर पेटेल."

मी वैतागून केलं. बरोबर आलं.

"सगळ्यांनाच करायला लावता?"

पाटी पुसताना त्याची बाही सरकली. हात कोपरापर्यंत भाजलेला होता.

"एकदा आकडा अंदाज से सांगितला होता. स्वतःच्याच घरी."