फायनलबाईंच्या वहीतला शेवटचा रकाना

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात शिरलं की समोरच्या भिंतीवर एक चकचकीत पितळी पाटी दिसते. 'मुक्त संशोधन संग्रह : दहा हजार लेख.' खाली आमच्या मोठ्या साहेबांचं नाव. मी रोज त्या पाटीखालून जातो आणि रोज माझं डोकं फिरतं. त्या दहा हजारांतले तीन हजार दोनशे लेख तेवढे खरे होते. ते ज्या बाईंनी जमवले त्यांचं नाव पाटीवर नाही, आणि पाटी पुसणाऱ्या मावशींनाही ते ठाऊक नाही. सगळं विद्यापीठ त्यांना फायनलबाई म्हणतं.

मी नियतकालिक विभागात. माझ्या हाताखालून हजारो संशोधन-अंक गेले, म्हणून सांगतो, या धंद्याइतका उफराटा धंदा मी दुसरा पाहिला नाही. आमचे प्राध्यापक आमच्याच प्रयोगशाळेत राबतात, लेख लिहितात आणि परदेशी प्रकाशकाला फुकट देऊन टाकतात. मग त्याच लेखाला प्रकाशक कुलूप लावतो आणि आमच्याच विद्यार्थ्याला म्हणतो, पैसे भर, मग वाच. आपल्याच घरात शिरायला शेजाऱ्याकडे किल्ली मागायची, आणि वर त्याचे आभार मानायचे!

पण बहुतेक प्रकाशक एक फट ठेवतात. छापलेलं सुबक पान त्यांचं. मात्र लेख तपासणाऱ्या तज्ज्ञांनी सुचवलेल्या दुरुस्त्या करून लेखकाने शेवटी पाठवलेली साधी टाइप केलेली प्रत असते ना, ती लेखकाला आपल्या विद्यापीठाच्या ऑनलाइन संग्रहात सगळ्यांसाठी उघडी ठेवता येते. कधी लगेच, कधी वर्षभराने. ही गोष्ट आमच्याकडे कोणाला माहीत नव्हती. ज्यांना माहीत होती त्यांना ती प्रत शोधायचा कंटाळा होता. फायनलबाईंना नव्हता.

काखेत एक जाड वही मारून त्या विभागाविभागांतून फिरायच्या. प्राध्यापक मोठ्या कौतुकाने छापलेला लेख पुढे करायचे.

"सर, हा नको. तुमची फायनल फाइल द्या. साधी."

"अहो, पण हा किती सुबक आहे! दोन रकाने, रंगीत आकृत्या..."

"सुबक आहे म्हणूनच नको. तो त्यांचा आहे. मला तुमचा हवाय."

मग सुरू व्हायचा शोध. एकाच लेखाच्या सतरा फायली, त्यातल्या नऊंच्या नावात 'फायनल'. बाई खुर्ची ओढून शेजारी बसायच्या आणि म्हणायच्या, "सर, फाइल राहू द्या. संपादकांना 'सर्व सुधारणा केल्या आहेत' असं पत्र पाठवलं होतंत ना, ते शोधा." पत्र सापडायचं आणि त्याला जोडलेली नेमकी प्रत हाती लागायची. रसायनशास्त्राचे एक सर त्यांना लांबून पाहिलं की शीतखोलीत जाऊन बसायचे. बाई दाराबाहेर स्टूल टाकून थांबायच्या. थंडीने कुडकुडत सर बाहेर आले की म्हणायच्या, "या सर, दोनच मिनिटं."

हातावरच्या शस्त्रक्रिया करणारे आमच्याच विद्यापीठाचे एक निवृत्त डॉक्टर होते. कारखान्यात यंत्रात बोटं सापडतात, बोट वाकवणारे आतले दोर तुटतात, ते डॉक्टर जोडायचे. खरी कसोटी नंतर असते. बोट कोणत्या आठवड्यात किती हलवायचं, याचं गणित असतं. जास्त हलवलं तर टाका तुटतो, कमी हलवलं तर दोर चिकटतो आणि बोट जन्मभर ताठ राहतं. महागडी साधनं नसलेल्या एका लहान इस्पितळातल्या रुग्णांवरून डॉक्टरांनी आठवड्यागणिक व्यायामाचा एक तक्ता बसवला होता. तो लेख बाईंना हवा होता. तीन वेळा डॉक्टरांनी त्यांना वाटेला लावलं. "या कच्च्या कागदांना कोण विचारतंय, बाई?" चौथ्या खेपेला डॉक्टरांच्या पत्नीने कपाटातल्या चादरींखालून जुना लॅपटॉप काढून दिला. म्हणाल्या, "अहो, देऊन टाका एकदाचं. नाहीतर या आपल्याकडे राहायलाच येतील."

बाईंच्या वहीत प्रत्येक लेखाची नोंद असायची. कोणी दिला, कोणत्या नियमाने, कधीपासून उघडा. शेवटचे दोन रकाने होते 'कोणी मागितला' आणि 'उत्तर'. कुठल्या तरी आडगावच्या शाळेतून, दवाखान्यातून फोन यायचे, पान उघडत नाही, तक्ता दिसत नाही. बाई नोंद करायच्या आणि अडचण सोडवून पुढे 'हो' लिहायच्या. उत्तराचा रकाना रिकामा ठेवून त्या घरी गेल्याचं मला आठवत नाही. मी चिडवायचो, "बाई, तुम्हाला या वहीशीच लग्न लावून द्यायला हवं होतं." त्या म्हणायच्या, "दादा, ती निदान विचारलेल्याचं उत्तर तरी देते. आमचे हे तेवढंही देत नाहीत." आणि डबा उघडायच्या.

अशी नऊ वर्षं गेली. मग विद्यापीठाची तपासणी आली आणि मोठ्या साहेबांना संग्रहाची आठवण झाली. त्यांनी बैठक बोलावली.

"तीन हजार? शेजारच्या विद्यापीठाचे सात हजार आहेत. पंधरा दिवसांत मला दहा हजार दिसले पाहिजेत."

"सर, एका लेखाला कधीकधी महिना लागतो," बाई म्हणाल्या.

"कशाला? छापलेले लेख आहेत की. दोन मुलं कंत्राटावर घेतो, उतरवून घ्या आणि टाका."

"ते आपले नाहीत, सर. टाकले तर प्रकाशक नोटीस देईल, आणि मग जे आपले आहेत तेही जातील."

साहेब हसले. "बाई, हा सोवळेपणा घरी ठेवा. तपासणीवाले आकडा बघतात, वाचत बसत नाहीत."

मग त्यांनी टेबलाभोवती नजर फिरवली. "कोणाला काही म्हणायचंय?"

आम्ही सातजण होतो. नियम मला बाईंइतकाच पाठ होता. मी समोरच्या बिस्किटांकडे बघत मूग गिळून बसलो. बाईंनी आपला विरोध एका कागदावर लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवला. तो कागद पुढे कधीच कोणाला सापडला नाही.

दहा हजार झाले. तपासणीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, पाटी लागली, साहेबांनी शाल घेतली. तीन आठवड्यांनी प्रकाशकाच्या वकिलाचं पत्र आलं, आणि जे साहेब तोवर संग्रहाला 'माझं स्वप्न' म्हणत होते त्यांनी एका सकाळीत हात झटकले. अख्खा संग्रह बंद! चोरीचेही लेख बंद आणि हक्काचेही. वर चौकशी लावली. सगळं काम संग्रह विभागाच्या नावावर चढवलेलं होतं, आणि संग्रह विभागात माणूस एकच. खापर फोडायला डोकं आयतंच मिळालं.

बाईंनी समितीला सांगितलं, "साहेब, वेगळं करणं अगदी सोपं आहे. जे देखणं ते त्यांचं. जे ओबडधोबड, ओळींत मोकळी जागा सोडलेलं, आकृत्या शेवटी डकवलेलं, ते आपलं. तीन दिवस द्या." तीन दिवसांत त्यांनी सगळं वेगळं करून दिलंही. तरी संग्रह उघडला नाही. "वरून आदेश नाहीत," साहेब म्हणाले. सुतासारखी सरळ गोष्ट होती, पण ती उघडायची तर आधी चूक कोणाची हे कबूल करावं लागलं असतं. म्हणून बंद!

त्या दिवसांत बाई रोज चौकशीच्या खोलीत असायच्या आणि त्यांच्या टेबलावरचा फोन मी घ्यायचो. एका सकाळी फोन वाजला. पलीकडे त्या लहान इस्पितळातली फिजिओथेरपिस्ट होती. नव्यानेच लागलेली. आवाज कोवळा, घाईतला.

"सर, आधीच्या ताई इथे भिंतीवर तुमच्या पानाचा पत्ता लिहून गेल्यात. हाताच्या व्यायामाचा तक्ता. पान उघडत नाहीये. माझ्याकडे प्रेस मशीनवरचा एक रुग्ण आहे, मधल्या बोटाचा दोर जोडलाय. दुसरा आठवडा लागलाय. प्रकाशकाकडे कुलूप आहे. मला तेवढा तक्ता मिळेल का?"

मला काय करायचं होतं? डॉक्टरांना एक फोन. लेखकाने आपली प्रत मागणाऱ्याला पाठवायला कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही, हे मी कित्येकदा विद्यार्थ्यांना सांगितलं होतं. निदान दुपारी डबा खाताना बाईंच्या कानावर घालायचं. पण चौकशी चालू होती, प्रत्येक कागदावर कोणाचं ना कोणाचं नाव येत होतं, आणि निवृत्तीला मला दोन वर्षं होती.

"सध्या सेवा बंद आहे," मी म्हणालो. "नंतर बघा."

"नंतर म्हणजे कधी, सर?"

"कळवू."

मी तिचा नंबरही घेतला नाही.

पाच आठवड्यांनी त्याच मुलीचा फोन पुन्हा आला. बाई जागेवर होत्या. त्यांनी ऐकलं, वही ओढली, पेनचं टोपण काढलं. "कोणत्या तारखेला केला होतात फोन?... कोणी घेतला?... बरं." मग बराच वेळ नुसतं ऐकलं. तिथल्या तिथे त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, आणि दहा मिनिटांत तो कच्चा कागद डॉक्टरांच्या घरून ई-मेलने त्या इस्पितळात पोहोचला. दहा मिनिटांत!

"दादा," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "टाका तुटेल या भीतीने तिने बोट हलवलंच नाही. आता ते वाकत नाही. पुन्हा कापावं लागेल म्हणे, आणि तरी खात्री नाही. माणूस खोके तयार करण्याच्या कारखान्यात आहे."

मी म्हणालो, "मला वाटलं, तुम्ही आधीच एवढ्या त्रासात..."

"मी त्रासात होते, दादा. ती काही माझ्याबद्दल विचारत नव्हती ना."

एवढंच. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, वही मिटली आणि हात धुवायला गेल्या.

चौकशीचा अहवाल चार महिन्यांनी आला. 'प्रक्रियेत त्रुटी आढळल्या.' कोणाच्या, ते लिहिलेलं नव्हतं. मोठे साहेब आता मुक्त ज्ञान या विषयावर ठिकठिकाणी भाषणं देतात आणि भाषणात 'समाजाशी नाळ' वगैरे म्हणतात. ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. चोरीचे लेख काढून टाकले गेले, हक्काचे पुन्हा उघडले. पाटीवरचे दहा हजार मात्र तसेच आहेत. पितळेवर कोरलेलं खोडता येत नाही, असं साहेबांचं म्हणणं.

अहवालात एक गोष्ट मात्र शहाणपणाची होती. बाईंच्या वहीमुळेच विद्यापीठ कचाट्यातून सुटलं होतं, कारण प्रत्येक लेखाची परवानगी तिथे तारखेनिशी होती. तेव्हा ती वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्कॅन करून संग्रहातच ठेवावी, म्हणजे कोणाही प्रकाशकाला, वाचकाला ती पाहता येईल, असा आदेश निघाला. बाईंनी वही माझ्याकडे आणून दिली. म्हणाल्या, "दादा, तुमचा हात स्थिर आहे. एकही पान सुटू देऊ नका."

मी एकेक पान काचेवर ठेवत गेलो. नऊ वर्षांचे 'हो'. एखाददुसऱ्या ठिकाणी शाई फुटलेली, एका पानावर डब्यातल्या तेलाचा डाग. एकशे बाराव्या पानावर थांबलो. हाताच्या तक्त्याचा लेख. 'कोणी मागितला' खाली इस्पितळाचं नाव, पहिल्या फोनची तारीख, आणि कंसात 'फोन घेतला : नियतकालिक विभाग'. नियतकालिक विभागात माणूस एकच.

दोन पानं एकदम उलटली असती तर कोणाला कळलं नसतं. बाई समोरच्या टेबलावर एका सरांशी फोनवर हुज्जत घालत होत्या, "अहो सर, सुबक नको, साधी द्या." त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मी साहेबांवर एवढं तोंडसुख घेणारा माणूस! मी त्या पानावर तळहात ठेवला.

मग ते पान काचेवर ठेवलं आणि बटण दाबलं.

ते आता संग्रहात आहे. जगात कुठूनही, कोणालाही, फुकट उघडतं. अख्ख्या वहीत शेवटच्या रकान्यात 'नाही' एकदाच आलंय, आणि ते माझं आहे.