शालिक सरांचं कंपन्यांशी वैर

शालिक सरांना दोघांची मनापासून चीड होती. एक म्हणजे कळांकडे पाहून टाइप करणारा माणूस आणि दुसऱ्या म्हणजे मोठमोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या.

पहिल्याचा बंदोबस्त त्यांनी केव्हाच केला होता. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या बस स्टँडमागे सायकलच्या दुकानावर शालिकराम मेंढे यांचा टायपिंग क्लास आहे. तिथल्या आठही कीबोर्डांवर बिस्किटांचे रिकामे खोके पालथे घातलेले असत. खोक्याला समोरून दोन भोकं. त्यांतून हात आत घालायचे, नजर शेजारच्या कागदावर ठेवायची आणि सर लाकडी पट्टीनं टेबलावर ठेका देतील तसं टाइप करत जायचं. कळा पाहायच्या नाहीत. समोरचा पडदाही पान संपल्याशिवाय पाहायचा नाही. "बोटायले आपले डोये असतात," सर म्हणत. "त्यायच्यावर भरोसा ठेवाले शिका." या खोक्यांमधून निघालेली पोरं लांजीपासून बैहरपर्यंतच्या कचेऱ्यांत बसलेली आहेत, तेव्हा हसायचं काम नाही.

दुसऱ्याचा बंदोबस्त मात्र होईना. अन् होणार कसा? कुठं त्या कंपन्या आणि कुठं सायकलच्या दुकानावरचा शालिकराम! पण माणसानं तीस वर्षांत सोसलं काही कमी नाही. लिहायचा एक प्रोग्राम पोरांना शिकवावा, तो हातात बसतो न बसतो तोच दुसऱ्या कंपनीचा येऊन पहिल्याला गिळून टाकी. इंटरनेटच्या ब्राउझरवरून कंपन्या आपसांत भांडल्या, तेव्हा सरांनी हातानं लिहून काढलेल्या नोट्स रद्दीत गेल्या. मग फोन आले. त्यात फळाच्या खुणेवाले वेगळे, अँड्रॉइडवाले वेगळे, एकाचं सामान दुसऱ्याला चालत नाही. "म्हणतात दोघायच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ," सर पट्टी आपटून म्हणत. "कोणता तिसरा रे बापा? तिसरा तं मीच होय. मले दाखवा लाभ कुठं हाय!"

त्यांची बायको अनुसया खाली, दुकानामागच्या राहत्या खोल्यांमधून ओरडून विचारी, "अजी, त्या कंपनीवाल्यायले तुमचा आवाज जाते का? मोहल्ल्याले जाऊन राह्यला."

मग एका ऑक्टोबरमध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, कम्प्युटरवर निरोप आला. विंडोज दहाची देखभाल आता बंद, अकरा घ्या. ठीक आहे म्हणून सर अकरा घ्यायला गेले, तर अकरा म्हणे, हे कम्प्युटर मला जुने पडतात. आठ कम्प्युटर! एकालाही खरचटलेलं नाही, सकाळी बटण दाबलं की निमूट उठून कामाला लागणारे. आई जेवू घालीना अन् बाप भीक मागू देईना, असा प्रकार झाला. त्या निरोपाकडे बघून सर जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"मी नाई देत आता यायच्या दारात पाय," ते अखेर म्हणाले. "फुकटवालं टाकतो. लिनक्स."

हे ऐकायला त्या वेळी क्लासमध्ये एकच विद्यार्थिनी होती. पिंकी गजभिये. तिची गोष्ट आधी सांगायला पाहिजे, कारण या सगळ्या भांडणात पणाला लागलेली तीच होती.

पिंकीचे वडील टिकाराम एका सरकारी कचेरीत बाबू होते. ते अचानक गेले आणि त्यांच्या जागी पिंकीला घेतलं. नेमणुकीच्या कागदात एक अट होती: तीन वर्षांच्या आत हिंदी टायपिंगची सरकारी परीक्षा पास व्हायची, नाही तर नोकरी संपली. घरात ती आणि आई जिजाबाई, दोघीच. तीन वर्षं मार्चच्या शेवटी भरत होती. दोन वेळा ती थोडक्यात हुकलेली. आता जानेवारीची परीक्षा शेवटची, त्यानंतरची निघणार ती उन्हाळ्यात. मागचं वर्षभर ती रोज कचेरी सुटली की सरळ क्लासला यायची, खोक्यात हात घालायची आणि सरांची पट्टी थांबेपर्यंत मान वर करायची नाही. सर तिच्यासमोर कधी तिचं कौतुक करत नसत. अनुसयाबाईंना मात्र सांगत, "पोरगी निघते यंदा. लिहून ठेव."

तर दिवाळीच्या सुट्टीत सरांनी आठही कम्प्युटर धुऊनपुसून त्यांत लिनक्स घातलं. फोनवर व्हिडिओ लावून, चष्मा कपाळावर चढवून, चार दिवस. आणि गंमत म्हणजे जमलं! कम्प्युटर पहिल्यापेक्षा झपाझप चालू लागले. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी सायकलवाल्याला वर बोलावून दाखवलं. "पाह्य! यायले म्हणे मेलेले. मारणारे ते कोण?"

अडचण एकाच ठिकाणी आली. त्यात हिंदीचा जो कळफलक होता, त्यात काही अक्षरं भलतीकडेच उमटत. सरांनी शोधून काढलं की कोणत्या कळेवर कोणतं अक्षर याची एक यादी असते आणि ती आपल्याला बदलता येते. दुसरा कुणी असता तर परीक्षेचा कळफलक इंटरनेटवर काढून समोर ठेवला असता. पण शालिक सर आणि कळफलक बघून काढायचा? तीस वर्षं ज्यानं पोरांना कळांकडे बघू दिलं नाही, तो? त्यांनी खुर्ची मागं सारली, डोळे मिटले, रिकाम्या टेबलावर बोटं चालवली आणि बोटं जिथं जातील तिथं ते ते अक्षर लिहून घेतलं. यादी पुरी झाली तशी कम्प्युटरमध्ये घातली.

आता यात एक गोष्ट सर विसरले. ते स्वतः टायपिंग शिकले ते बालाघाटला नाही, महाराष्ट्रात गोंदियाला. मामाकडे राहून, मराठी टाइपरायटरच्या मशीनवर, मराठीची परीक्षा देऊन. मराठी मशीनवर ळ ला हक्काची कळ लागते आणि त्या धक्क्यानं हिंदीच्या मानानं चार अक्षरं इकडची तिकडे सरकलेली असतात. पुढं सर हिंदी शिकवू लागले, पण शिकवताना त्यांच्या हातात पट्टी असे, कीबोर्ड नसे. डोळे मिटल्यावर बोटं गेली ती सरळ गोंदियाला.

दिवाळीनंतर क्लास सुरू झाला. बाकीची पोरं नवखी, त्यांना काय कळणार? पिंकीनं खोक्यातून हात काढले आणि विचारलं, "सर, हे श्र पहिले इकडं होतं ना?"

"पहिले कंपनीवाल्यायनं बिघडवून ठेवलं होतं," सर म्हणाले. "आता जाग्यावर आलं."

"पण सर, परीक्षेत—"

"पिंकी! मी तीस वर्षांपासून शिकवून राह्यलो का तू?"

तिनं हात पुन्हा खोक्यात घातले. दोन दिवसांनी भीतभीत तिनं पुन्हा विषय काढला, की कचेरीतल्या कम्प्युटरवर विंडोज आहे, जेवणाच्या सुट्टीत तिथंही थोडी प्रॅक्टिस करू का? सर असे काही उसळले की शेजारच्या पोराच्या हातून कागद पडला. दोन मशीनवर हात चालवला की हात बिघडतो, हा त्यांचा जुना नियम. "एक ना धड भाराभर चिंध्या करतं का? एकच मशीन धर. मी सांगून राह्यलो ना!"

पिंकीनं ऐकलं. ऐकणारच. सरांच्या शब्दाबाहेर जाणारी पोरगी ती नव्हेच. वर्षभराची सवय तिनं दोन-अडीच महिन्यांत मोडली आणि चार अक्षरं नव्या जागी बसवली. त्या दिवसांत सरांचं लक्षही कुठं होतं? आल्यागेल्याला धरून ते कंपन्यांवर भाषण देत. अमुक कंपनी तमुकला कशी खाणार, लिनक्स एक दिवस सगळ्यांना कसं पुरून उरणार, बालाघाटच्या प्रत्येक कचेरीत ते कसं बसेल. एका बाजूला भाषण, दुसऱ्या बाजूला पट्टीचा ठेका, आणि मधे खोक्यात हात घातलेली पिंकी.

जानेवारीत ती आईला घेऊन जबलपूरला परीक्षेला गेली. निघण्याआधी क्लासला येऊन सरांच्या पाया पडली. सर म्हणाले, "खाली पाहू नको. वर पाहू नको. कागद पाह्य, बस."

तिसऱ्या दिवशी ती आली. दुपारची वेळ, क्लास रिकामा होता. सरांनी पट्टी खाली ठेवली.

"काय झालं?"

"वेग आला सर. लागते त्याच्यापेक्षा जास्त आला." ती खुर्चीवर बसली. "तुम्ही सांगतलं तसं मी वर पाह्यलंच नाई. शेवटी पाह्यलं. चार अक्षरं जेथं जेथं होते, तेथं तेथं भलतंच उमटलं होतं. पूर्ण पानभर."

सरांना पहिल्यांदा काही कळेना. मग तिनं कागदावर ती चार अक्षरं लिहून दाखवली. सरांनी ती पाहिली, डोळे मिटले, टेबलावर बोटं चालवली. आणि त्यांना ते कळलं. गोंदियाच्या त्या खोलीतलं लोखंडी मशीन, कोपऱ्यात बसणारी ती ळ ची कळ, सगळं.

पण माणसाची जीभ मोठी वाईट. कळलं तरी ती जुन्याच वाटेनं धावली. "हे सगळं त्या कंपनीवाल्यायमुळं," सर म्हणू लागले. "चांगल्या मशिनी मारून टाकल्या नसत्या, तं मले कायले—"

"सर." पिंकीचा आवाज चढला नव्हता. "कंपनीवाल्यायनं मले नाई सांगतलं. तुम्ही सांगतलं. मी विचारलं होतं तुमाले."

तीस वर्षांत सरांना कुणी असं बोललं नव्हतं, आणि यात खोडून काढण्यासारखं एक अक्षर नव्हतं. ज्यांच्यावर ते रोज तोंडसुख घेत, त्या कंपन्यांचं एक वेळ राहू द्या, त्यांना शालिकराम मेंढे नावाचा माणूस पृथ्वीवर आहे हेही ठाऊक नाही. या वैरात दोन्हीकडचा मार खाल्ला तो एकट्या पिंकीनं, आणि त्यातला शेवटचा रट्टा सरांच्याच हातचा होता. डोळे भरून आले तसं त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

खालून अनुसयाबाई चहा घेऊन आल्या, दोघांची तोंडं पाहिली आणि चहा ठेवून तशाच उभ्या राहिल्या. सरांनी त्यांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्या म्हणाल्या, "मंग इथं बसून काय करून राह्यले? तिच्या साहेबाले जाऊन सांगा ना, का चुकी तुमची होय."

सर उठले. कुणाच्या कचेरीची पायरी कधी चढायची नाही, असं त्यांचं एक होतं. तेही गेलं. पिंकीच्या मागोमाग ते तिच्या कचेरीत गेले आणि तिथल्या मोठ्या बाबूंसमोर हात जोडून उभे राहिले. बाबूंनी ऐकून घेतलं आणि हिंदीत म्हणाले, "देखिए गुरुजी, नियम तो नियम है। आप लिखकर दे दीजिए, हम ऊपर भेज देंगे। मोहलत मिल भी सकती है, नहीं भी। बोल नहीं सकते।"

"देतो लिहून," सर म्हणाले. "अभी देता हूँ।"

"हाथ का मत दीजिए। टाइप करके।"

पिंकीनं आपली खुर्ची सरकवून दिली. समोर तिचा कम्प्युटर, कळांवर हिंदी अक्षरं छापलेला कीबोर्ड, आत विंडोज अकरा. तेच, ज्याच्या दारात पाय देणार नाही असं सर म्हणाले होते. सर बसले. पाठ सरळ, मनगटं उचललेली, नजर समोरच्या कोऱ्या कागदावर, जशी हजार पोरांना शिकवली तशी. खोका नव्हता, तरी त्यांनी खाली पाहिलं नाही. अर्जाचा पहिला शब्द तर झोपेतही यायचा: श्रीमान. बोटं चालली. सवयीनं त्यांनी वर पाहिलं नाही, पण मागं उभ्या पिंकीचा श्वास अडकल्याचं त्यांना ऐकू आलं.

त्यांनी वर पाहिलं. पहिलंच अक्षर भलतं होतं.

खोडून त्यांनी पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच उमटलं. गोंदियाची बोटं जागा सोडायला तयार नव्हती. शेजारच्या टेबलावरचा माणूस मान वाकडी करून पाहू लागला. सरांचे हात कीबोर्डवर तसेच थांबले, आता कुठं जायचं ते न कळून.

पिंकी वाकली आणि हळूच म्हणाली, "सर, खाली पाहा. पाह्यलं तं चालते."

सरांनी खाली पाहिलं आणि ते एका बोटानं श्र शोधू लागले.