अंबरीची फोड
परवा मंडईत सफरचंदाच्या एका पेटीतनं गोड वास आला आन् मला चुलते आठवले. पंच्याण्णव साल आसंल, मी धावीला होतो. चुलत्यांना बारामतीच्या दवाखान्यातनं आमच्या गावी, अंथुर्ण्याला, घरी आणलं होतं. आमच्यात सफरचंद आजारी माणसालाच आणत्यात, पण ह्यांना अंबरीच पायजे होतं, काश्मीरचं जुनं, वासाचं, तरणेपणी कवातरी खाल्लेलं. फळवाले चाचा म्हणले, "अंबरी आता लावतंय कोण बेटा? समद्यांना लालभडक माल पायजे." तरी त्यांनी पेटीच्या तळातनं दोन हुडकून दिली. घरी चुलतीनं कापली तसा खोलीभर वास सुटला. एक फोड तोंडात टाकून चुलते खुशीत आले. "कर रं, त्या डागदरची नक्कल कर!" मला तेवढंच पायजे होतं. नसलेला चष्मा बोटानं वर सारला, घसा खाकरला आन् डागदर दाराआड माझ्या वडलांना जे बोलला ते त्याच्याच आवाजात म्हणलं, "आता पथ्य कशाला? मागतील ते खाऊ द्या." मला ती चांगली बातमी वाटली होती. चुलती हसता हसता थांबली, वडील उठून भायेर गेले. चुलत्यांना कुणीच काय सांगितलं नव्हतं. तोंडातली फोड त्यांनी सावकाश गिळली. "म्हंजी आसं हाय व्हय," ते म्हणले. मला रडू फुटलं तशी त्यांनी एक फोड माझ्या हातात दिली. "रडू नगं. आवाज झ्याक काढलास." आजबी लग्नाकार्यात लोक मला नकला करायला लावत्यात. मी करतो, पण आधी समोर कोण कोण बसलंय ते बघून घेतो.