मंगळ होईपर्यंत

समजा, तुम्हाला हातभर उंचीच्या एका चौथऱ्यावर उभं राहायचं आहे. हातात खडू आहे. समोर साठ मुलं, पहिल्या बाकावर पाच परीक्षक, आणि वीस मिनिटांत तुम्हाला ट्रान्झिस्टर समजावून सांगायचा आहे. विषय झोपेतून उठवलं तरी येईल असा. सतरा वर्षं तुम्ही तोच शिकवत आला आहात, फक्त एकेका मुलाला, टेबलाशी, त्याच्या शेजारी उभं राहून. आता तोंड उघडा. पहिलं वाक्य बोला.

वेदवतीला ते वाक्य दोनदा बोलता आलं नव्हतं.

पहिल्या वेळी ती चौथऱ्यावर चढलीच नाही, ताप आल्याचं सांगून परत फिरली. दुसऱ्या वेळी चढली, 'वणक्कम' म्हणाली, आणि सगळा वर्ग तिच्या डोळ्यांपुढे पांढराफेक झाला. खडू बोटांत मोडला. परीक्षकांपैकी एकानं पाणी आणायला सांगितलं, ते तिला ऐकू आलं. दिसलं मात्र काहीच नाही.

कुंभकोणमच्या ज्या खासगी तंत्रनिकेतनात ती प्रयोगशाळा सांभाळायची, तिथे इलेक्ट्रॉनिक्सच्या जागा भरेनाशा झाल्या होत्या. जूनपासून प्रयोगशाळा बंद. व्याख्यात्यांना दुसऱ्या विभागांत सामावून घेणार, बाकीच्यांना निरोपाचा हार. वेदवती एम.एस्सी. झालेली होती, त्यामुळे तिला व्याख्याती करायला कुणाची ना नव्हती. अडलं होतं ते त्या वीस मिनिटांपाशी. तिसरी आणि शेवटची संधी होती अकरा एप्रिलला. वय बेचाळीस, घरात चौऱ्याहत्तर वर्षांची आई आणि ती, दोघीच.

"मुलांच्या सर्किटमधलं जळकं तू वासावरून ओळखतेस," तिच्याबरोबर काम करणारी भुवनेश्वरी म्हणाली, "आणि माणसांना भितेस? माणसं काय शॉक देतात?"

"देतात," वेदवती म्हणाली.

भुवनेश्वरीनंच तिला कृष्णकुमारचा पत्ता दिला.

संमोहन म्हटल्यावर वेदवतीच्या डोळ्यांपुढे जत्रेतला जादूगार आला होता. हा माणूस निघाला टपाल खात्यातल्या कारकुनासारखा. इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा सदरा, कपाळावर विभूतीची पुसट रेघ. फिजिओथेरपीच्या दवाखान्यावर एक खोली घेऊन तो संध्याकाळी बसायचा. खोलीत मागे कलणारी खुर्ची, खिडकीला जाड पडदा आणि टकटक करणारा पंखा.

"पंखा ऐका," तो तमिळमध्ये म्हणाला. "डोळे मिटा. महामहम तळ्याच्या काठावर उभ्या आहात. वीसपासून उलटं मोजतो. एका आकड्याला एक पायरी."

पहिल्या दोन बैठकींत ती निव्वळ उतरायला शिकली. तळाच्या पायरीवर पोचली की खांदे सैल पडायचे, श्वास पोटातून यायचा. त्या क्षणी उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दाबायची. हे पुन्हा पुन्हा केलं की पुढे नुसतं बोट दाबलं तरी शरीर तीच शांतता आठवतं, असं कृष्णकुमारचं म्हणणं. वेदवतीला ते पटलं. एक कळ, एक परिणाम. यात जादू कसली?

तिसऱ्या बैठकीला तो म्हणाला, "आज आपण ही भीती पहिल्यांदा जिथे आली, तिथे जाऊ."

कुठे जायचं ते वेदवतीला ठाऊक होतं. नाचियारकोविलच्या वाटेवरचं मरुदानल्लूर, सत्तावीस वर्षांपूर्वीचा भजनाचा उत्सव. तिचे वडील वेणुगोपाळ दर वर्षी तिथे कथा करायचे. तंजावरी घरांतली जुनी मराठी पदं आणि मधलं निरूपण तमिळमध्ये, असा त्यांचा बाज. त्या वर्षी अप्पांचा घसा बसला, म्हणून त्यांनी पंधरा वर्षांच्या लेकीला उभं केलं. स्वतः समोरच्या खांबाला टेकून बसले, मांडीवर चिपळ्या घेऊन. कथा संपली, शेवटचं मंगलपद, म्हणजे मंगळ, म्हणून झालं, आरती फिरली, आणि खांबाशी आल्यावर लोकांच्या लक्षात आलं की अप्पांनी डोळे मिटलेत ते भक्तीनं नाहीत. गाडीत घालून कुंभकोणमला आणेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाला, "अर्धा तास आधी आणायला हवं होतं."

एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर वेदवती कधी चौथऱ्यावर उभी राहिली नाही, यात कुणाला नवलही वाटलं नाही.

बैठक संपवून ती डोळे चोळत उठली, तेव्हा कृष्णकुमार जरा ओशाळला होता.

"तुम्ही नऊ मिनिटं बोललात, मॅडम. सगळं तुमच्या घरच्या मराठीत. मला एक अक्षर कळलं नाही. मी आपला प्रश्न विचारत राहिलो आणि हुंकार देत राहिलो." त्यानं ध्वनिमुद्रण तिच्या फोनवर पाठवलं. "रोज ऐका. मन मोकळं होईल."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, रिकाम्या प्रयोगशाळेत, तिनं कानाला हेडफोन लावले. आवाज तिचा होता, पण लहान मुलीचा.

"समोर कोण आहे?" कृष्णकुमार विचारत होता.

"अप्पा. खांबाशीं बसलेत."

"हं. तिथे कुणाला काही होतंय का? नीट बघा."

बराच वेळ पंख्याची टकटक. मग: "चिपळी पडली. अप्पांची मान कलली. तोंड उघडें आहे. मीं पाहिलें. मज दिसतें आहे. पण मंगळ व्हायचें आहे. थांबूं नये. मंगळ होईपर्यंत थांबूं नये."

हेच वाक्य ती पुढे सहा वेळा म्हणत होती, आणि कृष्णकुमार प्रत्येक वेळी समजुतीनं "हं, छान" म्हणत होता.

थांबू नये हा अप्पांचाच नियम. कथेत बसलेल्यानं उठू नये, सांगणाऱ्यानं थांबू नये. लहानपणी ते तिला हसत म्हणायचे, "भोवंड आली तर आली. आधीं मंगळ म्हण, मग खुशाल पड."

त्या संध्याकाळी ती ठरलेली वेळ नसताना कृष्णकुमारकडे गेली आणि काय बोलली होती ते तिनं त्याला तमिळमध्ये सांगितलं. त्यानं चष्मा काढून पुसला.

"त्या अवस्थेत दिसतं तो फोटो नसतो, मॅडम. मन थोडं आठवतं, थोडं रंगवतं."

"कुणाला काही होतंय का, हे तुम्ही आधी विचारलंत. मी नंतर बोलले."

"हो. विचारलं," तो म्हणाला. "तसं विचारायला नको होतं."

"मग मी खरंच बघितलं होतं, की तुम्ही मला दाखवलंत?"

"ते मी सांगू शकत नाही." त्यानं चष्मा पुन्हा लावला. "अकरा तारखेपर्यंत तुम्ही फक्त बोटं दाबा."

घरी तिची आई सुब्बलक्ष्मी कपड्यांच्या घड्या करत होती. ती बोलायची कमी, आणि अप्पांविषयी त्याहून कमी. वेदवतीनं सरळ विचारलं, "आई, मरुदानल्लूरांत मीं उभी होतें तेथून अप्पा दिसत होते कां?"

"अय्यो, आत्तां हें कशास काढलेंस गे?" आईनं घडी मोडून पुन्हा घातली. "तुझ्या तोंडावर एवढा मोठा दिवा लावलेला. वर उभें राहिल्यावर खालचें कांहीं दिसत नसतें. नुसता उजेड. तुझ्या अप्पांनींच मज सांगितलें होतें."

वेदवतीला एकदम हलकं वाटलं. खरंच की. दुसऱ्या खेपेला वर्ग पांढराच तर झाला होता. वरून काही दिसत नसतं. ती त्या रात्री पुष्कळ दिवसांनी गाढ झोपली, आणि पुढचे आठ दिवस तिनं बोटं दाबत, पायऱ्या उतरत काढले.

अकरा तारखेला ती चौथऱ्यावर चढली. प्राचार्यांनी हौसेनं प्रोजेक्टर लावून ठेवला होता, त्याचा झोत थेट तिच्या तोंडावर. तिनं अंगठा तर्जनीवर दाबला. श्वास पोटात उतरला. "वणक्कम," ती म्हणाली. "धरणाचं दार उघडायला किती जोर लागतो? एका बोटाचा, जर ते बोट योग्य चाकावर असेल तर. ट्रान्झिस्टर म्हणजे तसं चाक."

मुलं हसली, सैलावली. वाक्यामागून वाक्य येत गेलं. भीती नव्हती. कुठेच नव्हती. सत्तावीस वर्षांनी पहिल्यांदा ती डोळे उघडे ठेवून वर उभी होती.

आणि तिला सगळं दिसत होतं.

झोताची पांढरी तिरीप डोळ्यांना सरावायला मिनिटभर लागलं असेल. मग चौथ्या बाकावरचा मुलगा वहीखाली फोन लपवताना दिसला. एका परीक्षकानं जांभई दाबली, ती दिसली. दारातल्या शिपायानं पायातली चप्पल काढून तळवा खाजवला, तोही दिसला. शेवटच्या बाकावर एका मुलीची मान हळूच बाजूला कलली. डुलकी होती. मुलगी लगेच सावरून बसली. वेदवतीचं वाक्य क्षणभर अडखळलं, बोटं आपोआप दाबली गेली, आणि ती पुढे बोलत राहिली. वीस मिनिटं पूर्ण होईपर्यंत थांबली नाही.

टाळ्या झाल्या. प्राचार्य म्हणाले, "इतकी वर्षं कुठे लपून बसला होतात?" भुवनेश्वरीनं तिला मिठी मारली. त्या मिठीत वेदवती लाकडासारखी उभी होती.

रविवारी दुपारी आई देवळात सेवेला येणाऱ्या बायकांबरोबर फुलं गुंफायला गेली, तेव्हा वेदवतीनं कपाटातून कॅसेट काढली. उत्सवात कुणीतरी मुद्रित केलेली, अप्पांच्या तेराव्याला घरी आणून दिलेली. आईनं ती कधी लावू दिली नव्हती. प्रयोगशाळेतला जुना टेपरेकॉर्डर तिनं दुरुस्त करून आणला होता. तिनं तो संगणकाला जोडला आणि आवाजाची आकृती पडद्यावर उमटू दिली.

निळे डोंगर आणि दऱ्या सरकत गेल्या. पंधरा वर्षांची वेदवती खणखणीत आवाजात सांगत होती. एकोणचाळीस मिनिटं काही नाही. मग एक बारीक, टोकदार सुळका, आणि त्यापुढे जवळजवळ सपाट रेघ.

तिनं मोजलं. सहा सेकंद आणि वर थोडं. मग आवाज पुन्हा सुरू होत होता, आधीपेक्षा भरभर. तिथून मंगळापर्यंत बावीस मिनिटं होती.

तो सुळका तिनं कानाला लावून ऐकला. लाकूड फरशीवर पडल्यासारखा आवाज. चिपळी असेल. पेलाही असू शकेल, कुणाची काठीही. ती स्वतःशी वाद घालत राहिली, जसा ती परीक्षेत मुलांशी घालायची: एका खुणेवरून निष्कर्ष काढू नका. पण ती थांबली होती. थांबू नये हे ठाऊक असताना थांबली होती, हे पडद्यावर होतं.

मग तिला वाटलं, रेघ अगदीच सपाट नाही. चौथ्या सेकंदाला किंचित थरथर आहे. तिनं तेवढाच तुकडा वेगळा केला, खरखर गाळली, आवाज जितका चढेल तितका चढवला.

बाईचा आवाज होता. जवळून आलेला, बायकांच्या पहिल्या रांगेतून, जिथून समोरचा खांब दहा पावलांवर. हलका, घाईचा, ओळखीचा.

"थांबूं नको. पुढें म्हण."

आई परत आली तेव्हा टेपरेकॉर्डर टेबलावर तसाच होता. आईनं तो बघितला. मग ती स्वयंपाकघरात जाऊन केळफूल घेऊन बसली आणि एकेका फुलातला कडक दांडा काढून ताटात टाकू लागली. वेदवती समोर बसली. तिनंही एक पाकळी उलगडली. दोघींची बोटं काळी पडत गेली.

"नोकरी राहिली कीं नाहीं?" आईनं विचारलं. "मग आत्तां काय तें? भय गेलें ना तुझें?"

"गेलें."

"सरी, बरें झालें. मग पुरे."

वेदवतीला आईचा राग येत नव्हता. बाई तेव्हा सत्तेचाळीसची होती. नियम नवऱ्याचा होता आणि समोर लेक गोंधळून उभी होती. लेक अडखळली एवढंच तिला दिसलं असेल. किंवा लेक जिकडे बघून अडखळली, तिकडे तिनंही बघितलं असेल. सहा सेकंदांत मान वळवायला वेळ पुष्कळ होता. त्या रेघेत आवाज होता, नजर नव्हती.

ताटातले दांडे संपत आले. आईनं शेवटचं फूल उचललं, आणि वेदवतीनं विचारलं,

"आई, 'पुढें म्हण' म्हणालीस, तेव्हां तूं माझ्याकडे बघत होतीस, कीं अप्पांकडे?"