फटक्यांपुरता महाराजा

“सदरा काढ आणि लोकांकडे पाठ करून उभा राहा,” सर म्हणाले. “तुझं तोंड दिसायचं काही कारण नाही.”

मी सदरा काढला. अकोल्यातल्या आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाच्या नाटकाची तालीम चालू होती. मंचावर एक बांबू रोवला होता. ते झाड. त्या झाडाला माझे हात बांधले. मागून चाबूक आला. नाटकातला नाही, खरा. शाळेचे अध्यक्ष भाऊसाहेब, त्यांच्या दमणी गाडीच्या बैलांचा तो चाबूक. अंगावर पडला तेव्हा माझ्या तोंडून आवाज निघाला.

“आवाज तोंडाचा नको, चाबकाचा हवा,” सर म्हणाले. मग चाबूकवाल्या पोराला म्हणाले, “अजून जोरात. मागच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे.”

खिडकीत पोरं बसली होती. ती हसली.

बाजूला लाल मखमलीच्या खुर्चीवर विलास बसला होता. भाऊसाहेबांचा मुलगा. डोक्यावर जरीची पगडी, कापसाची दाढी. नाटक पंजाबच्या शीख महाराजाचं होतं, आणि महाराजा विलास होता. मीही महाराजाच होतो. पण फक्त फटक्यांपुरता.

आधी तसं नव्हतं. आधी पूर्ण महाराजा मीच होतो.

मला लहानपणी देवी आल्या आणि डावा डोळा घेऊन गेल्या. माय म्हणायची, देवी कोपली. पुढे आम्ही बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हापासून ती म्हणायला लागली, रोग होता तो. पण पोरांना काय त्याचं. त्यांना मी काण्या. माझं खरं नाव हजेरीपुरतं. मग एक दिवस सरांनी वर्गात या महाराजाची गोष्ट काढली. त्यालाही लहानपणी देवी आल्या, त्याचाही डावा डोळा गेला, असं ते म्हणाले. अख्खा वर्ग वळून माझ्याकडे पाहायला लागला. सरांनीही पाहिलं.

“अरे वा, आपल्याकडे महाराजा तयारच आहे,” ते म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. सरांनी मग खरंच मला ती भूमिका दिली. मला इतका आनंद झाला होता की घरी जाताना मी रस्त्यात पळालो.

घर म्हणजे भाऊसाहेबांच्या सरकी काढायच्या जिनातली खोली. बा तिथं हमाल होता. कापसाचे बोझे पाठीवरून वाहायचा. त्याच जिनात एक सरदारजी होते, सुतारकाम आणि मशिनीची दुरुस्ती करायचे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. फाळणीत लाहोरकडून उखडून आले होते. अकोल्यात राहून त्यांच्या बोलीत हिंदी, पंजाबी आणि वऱ्हाडी यांची खिचडी झाली होती. मी महाराजा होणार म्हटल्यावर त्यांनी हातातला रंधा खाली ठेवला.

“तेरा भी बायाँ, उसका भी बायाँ,” ते माझ्या डोळ्याकडे बोट करून म्हणाले. “बैठ. ऐक आता.”

त्यांनी सांगितलेला महाराजा सरांच्या कागदावर नव्हता. बाप लवकर मेला, कोवळ्या वयात सगळा कारभार अंगावर आला. लिहिता-वाचता येत नव्हतं. मिसरूड फुटतं न फुटतं तोच लाहोर घेतलं. एवढं मोठं राज्य, पण नाण्यावर स्वतःचं नाव घातलं नाही, गुरूंचं घातलं. दरबारात हिंदू, मुसलमान, शीख, सगळे सारख्या मानानं बसायचे. आणि एका नाचणारीवर जीव जडला तर उघड लग्न केलं. पंथातल्या वडीलधाऱ्यांना ते पटलं नाही. त्यांनी महाराजाला बोलावून घेतलं. शिक्षा सुनावली, चाबकाचे फटके. महाराजानं हात जोडले, पाठ उघडी केली. लोक रडायला लागले. कोणी म्हणतं एकच फटका बसला, कोणी म्हणतं तोही नाही.

“राजा असून फटके खाल्ले?” मी विचारलं.

“राजा था, इसलिये गया,” मिस्त्री म्हणाले. “तख्तावर जो बसते, पाठ बी त्यालेच द्या लागते.”

मला तेव्हा ते नीट कळलं नाही. ऐकायला बरं वाटलं, एवढंच.

मग एक दिवस भाऊसाहेब तालीम पाहायला आले. खुर्ची त्यांच्याच घरून आणलेली. तिच्यावर मी बसलो होतो. ते दारातच थांबले.

“काहो सर, खुर्चीवर बसवाले दुसरं पोट्टं नाई भेटलं काय? संमेलनाले साहेबलोक येऊन राह्यले. हे तं आमच्या जिनातल्या हमालाचं पोट्टं हाय.”

ते काही ओरडून बोलले नाहीत. भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं. सर “हो हो, बदल करायचाच होता,” म्हणाले. मी उठलो. गडी आला, त्यानं ओल्या फडक्यानं खुर्ची पुसली. हात ठेवायच्या जागा पुसल्या, पाय पुसले, पाठीचं लाकूड पुसलं. माझ्यासमोर. दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर विलास होता.

सरांचं म्हणणं होतं की विलासच्या डाव्या पापणीला डिंक लावून डोळा बंद करावा. त्याच्या आईनं निरोप पाठवला, पोराच्या डोळ्याला इजा होईल. मग महाराजाला दोन्ही डोळे मिळाले. फटक्यांचा प्रसंग आला तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, आमचा मुलगा चारचौघांत मार खाणार नाही, नाटकातसुद्धा. प्रसंग गाळा म्हणावं तर सरांना तो सोडवत नव्हता. लोकांना रंग तिथंच येणार होता. तेव्हा त्यांना माझी आठवण झाली. पाठच तर दाखवायची आहे, कोणाची का असेना. महाराजाचं बोलणं पडद्याआडून विलास बोलणार होता. म्हणजे चेहरा त्याचा, आवाज त्याचा, मान त्याचा. माझं फक्त कातडं.

त्या पहिल्या चाबकाच्या तालमीच्या दिवशी घरी येऊन मी बाला म्हणालो, “बा, मी उद्यापासून जात नाई तालमीले.”

“काहून?”

मी पाठ दाखवली. बानं कंदील जवळ आणला, पाहिलं. एरंडेल बोटावर घेऊन वळांवरून फिरवलं. त्याची बोटं खरबरीत होती, पण फार हलकी फिरत होती.

“दोन फटक्यानं कोणी मरत नाई,” तो म्हणाला. “तू नाई म्हणशीन, तं उद्या आपलं बिऱ्हाड फाटकाबाहीर. माय दम्याची. कुठं नेऊ तिले?”

“दीक्षेच्या वक्ती तं तू म्हणत होता, आता कोणापुढं वाकाचं नाई.”

बानं एरंडेलाची वाटी झाकून ठेवली.

“वाकू नको,” तो म्हणाला. “तुले उभंच तं राहाचं हाय.”

मायनं तोंड फिरवून घेतलं. खोलीला एकच दार होतं, आणि त्या दारातून बाहेर पडलं की समोर भाऊसाहेबांच्या जिनाचं फाटक. शाळेत गेलं तरी भाऊसाहेब, घरी आलं तरी भाऊसाहेब. मी तालमीला जात राहिलो. फटके खात राहिलो. बापाच्या पाठीवर कापूस होता, माझ्या पाठीवर नाटक. दोन्हींचा मालक एकच.

मग पगडीचं निघालं. फटक्यांनंतर शेवटच्या प्रवेशात विलासला पुन्हा दरबारात बसायचं होतं. पगडी एकच होती. माझ्या डोक्यावरची पगडी तो परत डोक्यावर घेणार नव्हता, हे कोणी बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. सरांनी तोड काढली. “पश्चात्ताप म्हणून महाराज उघड्या डोक्यानं येतात,” ते म्हणाले. शिकलेल्या माणसाला कारण सापडायला वेळ लागत नाही.

मी हे मिस्त्रींना सांगितलं. त्यांचा चेहरा लाल झाला. एरवी ते कधी चिडत नसत.

“पाठ उघडी, ठीक हाय,” ते म्हणाले. “डोकं उघडं नाई. कभी नहीं.”

संमेलनाच्या संध्याकाळी ते मंचामागे आले. जिनातल्या हमालांनी बाकडी वाहून आणली होती, त्यांच्याबरोबर आले असावेत. पिशवीतून त्यांनी स्वतःची धुतलेली निळी पगडी काढली. एक टोक माझ्या हातात दिलं, ताणून धर म्हणाले. कापड घडी घालत घालत माझ्या डोक्याभोवती आवळत गेले. शेवटचं टोक खोचलं आणि माझी हनुवटी धरून वर केली. आरसा नव्हता. त्यांनी डोळे भरून पाहिलं, त्यावरून मला कळलं की नीट बसली आहे.

पडदा उघडायच्या आधी सरांनी मला पाहिलं. “ती काढ,” ते म्हणाले. मी ऐकलं नाही असं दाखवलं. तेवढ्यात घंटा वाजली.

मी बांबूजवळ गेलो, लोकांकडे पाठ करून. पुढच्या रांगेत साहेबलोक, मध्ये भाऊसाहेब. अगदी मागे भिंतीला लागून हमाल उभे होते, त्यांत बा. हे मी आत जाताना पाहून घेतलं होतं. पडद्याआडून विलासचा आवाज आला, “मी पंथाचा सेवक आहे. मला शिक्षा मान्य आहे.” समोर विंगेत सर हातानं खूण करत होते, पगडी, पगडी. चाबूकवाला पोरगा माझे हात बांधायला पुढे आला.

तेव्हा मला मिस्त्रींचं बोलणं कळलं. तो महाराजा स्वतःच्या पायांनी गेला होता. त्याच्याजवळ राज्य होतं, तरी त्यानं पाठ दिली, म्हणून ती शिक्षा नव्हती, न्याय होता. आणि मी? मी कुठल्या राज्यावर बसलो होतो? मी जिथं बसलो होतो ती खुर्चीसुद्धा पुसून घेतली होती. बसणारा एक आणि सोसणारा दुसरा, याला न्याय म्हणत नाहीत. ही तर आमच्या आज्यापणज्यांपासूनची जुनी रीत. तिलाच दाढी लावून मंचावर आणलं होतं.

मी हात मागे घेतले आणि वळलो. पाठ विंगेतल्या सरांकडे केली, तोंड लोकांकडे.

दिवा थेट तोंडावर होता. माझा गेलेला डोळा, देवीचे वण, सगळं त्यांना दिसत असणार. कोणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं. मला विलाससारखं बोलता येत नव्हतं. मी माझ्या घरच्या बोलीत बोललो.

“मघाशी खुर्चीवर जो बसला होता, त्याले बलवा. पाठ त्याची हाय.”

चाबूकवाल्या पोराचा हात खाली आला. भाऊसाहेब उठून उभे राहिले. माझी नजर मागच्या भिंतीकडे गेली. बा तिथं होता. त्यानं मान खाली घातली नव्हती. तो सरळ माझ्याकडे पाहत होता, आणि त्याच्या तोंडावर राग होता की भीती, ते मला आजही सांगता येणार नाही. मग पडदा पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचं बिऱ्हाड फाटकाबाहेर होतं. बा म्हणाला होता अगदी तसंच. शाळेतून माझं नाव कमी झालं. मिस्त्री कामावर आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर तीच निळी पगडी होती, आदल्या संध्याकाळी माझ्या डोक्यावर होती ती. भाऊसाहेबांच्या मुनिमानं विचारलंही, काहो, हे त्याच पोट्ट्याची काय? मिस्त्री म्हणाले, “हां, महाराजाची,” आणि रंधा मारायला लागले.

आम्ही बार्शीटाकळीला मामाकडे गेलो. माय पुढच्या हिवाळ्यात गेली. दम्यानंच गेली, पण नवी जागा, कुडाची झोपडी, ओल. मी काय ते समजून आहे. बानं मला शाबासकी दिली नाही आणि शिवीही दिली नाही. मजुरीला जायचा, यायचा. मला अमरावतीच्या वसतिगृहात घातलं तेव्हा एवढंच म्हणाला, “आता तं शिकच. लय महाग पडलं हे.”

शिकलो. बांधकाम खात्यात ओव्हरसियर झालो. मला वाटलं होतं, सरकारी नोकरीत तो मंच नसेल. आहे. खुर्ची आहे, विंगेत खुणा करणारे आहेत, चाबूकही आहे, त्याला आता चौकशी म्हणतात. यंदा चांदूर बाजारच्या रस्त्यावरची एक मोरी वाहून गेली. पाया कच्चा आहे, काम थांबवू, असं मी वरच्या साहेबांना तोंडावर सांगितलं होतं. साहेबांनी घाई केली आणि मंजुरी दिली. परवा त्यांनी मला आत बोलावलं. दार लोटून घ्यायला सांगितलं, चहा मागवला. माझ्यासाठी वेगळा कप आला. तो मी ओळखतो.

“तू एवढं अंगावर घे,” ते म्हणाले. “पुढचं मी सांभाळून घेतो. तुमच्या लोकांना सवलती आहेत, तुला काही होणार नाही.”

मी उभाच होतो. घरी बायको आहे, दोन लेकरं आहेत, म्हातारा बा आहे. क्वार्टर सरकारचं आहे आणि त्यालाही एकच दार आहे. हे सगळं माझ्या डोक्यात आलं. मग पाठीवरचे ते जुने वळ आठवले, आणि एरंडेलाची बोटं.

“साहेब, खुर्चीवर तुम्ही होता,” मी म्हणालो.

चहा तसाच ठेवून मी बाहेर आलो. आता बदली होईल, निलंबन होईल, कदाचित पुन्हा बिऱ्हाड फाटकाबाहेर येईल. येऊ दे. बाला सगळं सांगितलं. तो उठला आणि भांडी बांधायला जुनं धोतर शोधायला लागला. मीही बसलो त्याच्याजवळ बांधाबांध करत. आम्ही तयार आहोत. पण माझी पाठ आता कोणाच्या खुर्चीखातर मिळायची नाही. पाठ पाहिजे असेल, तर ज्यानं खुर्ची भोगली त्यानं आधी सदरा काढावा.